कानाला लावलेली मशीनं

विजयच्या कारखान्यात आता ठिणगी पडत नाही.

विजय माझा धाकटा भाऊ. चौलात आमच्या घराच्या अंगणालगत जिथे बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, तिथेच त्याने फर्निचरचा कारखाना थाटलाय. पत्रा नवा, फरशी नवी, भिंतीवर बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावलेल्या. किहीमपासून दिवेआगरपर्यंत जी कॉटेजं उभी राहतायत, त्यांतल्या कितीतरींचे पलंग आणि दारं इथून जातात. वादळात वाड्यांमधले फणस आडवे झाले तेव्हा त्याने ते उचलून आणून ठेवले, ते अजून पुरतायत. मी पनवेलहून वर्षातून एकदा आठवडाभर माहेरी येते. यंदा आले तेव्हा दुपारचा चहा घेऊन कारखान्यात गेले, तर तो चौकटीला भोकं पाडत होता. मी विचारलं, "साखर कमी आहे, चालेल ना?" त्याने मशीन न थांबवता सांगितलं, "चालेल."

एवढंच झालं. पण मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. ड्रिल चालू असताना कुणी कुणाशी बोलतंय आणि दुसऱ्याला ते ऐकू जातंय, हे त्या जागेत माझ्या जन्मात कधी घडलं नव्हतं.

"ब्रशलेस आहे, ताई," विजय म्हणाला. "आत कार्बनच नाही. घासतच नाही काही, तर झिजणार काय आणि ओरडणार काय?"

"आणि ठिणगी?"

"घासत नाही तर ठिणगी कुठली?"

मी त्याच्या हातून मशीन घेतलं आणि नाकाशी धरलं. तो हसला. कशाचाच वास नव्हता. नव्या चपलेला येतो तसा थोडा प्लास्टिकचा, बस्स. एवढी भोकं पाडूनही ते गार होतं. मला उगाचच त्याचा राग आला.

जुनं मशीन हातात घेतलं की आधी वास यायचा. तापलेल्या वार्निशचा, ग्रीसचा, आणि त्यांच्या मागून वीज कडाडून गेल्यावर हवेला येतो तसला एक तिखट वास. त्या मशीनच्या पोटात तांब्याच्या तारेने विणलेला एक गोळा गरगर फिरायचा. त्याला आर्मेचर म्हणायचं. फिरत्या गोळ्याला वीज पोचवायची कशी, तर कोळशाचे दोन छोटे चौकोनी तुकडे दोन्ही बाजूंनी त्याच्या मानेवर स्प्रिंगने दाबून धरायचे. हेच कार्बन. मान फिरायची, कार्बन घासायचे, आणि घासताना निळ्या ठिणग्या उडायच्या. मशीनच्या पाठीला हवेसाठी फटी असत, त्यांतून त्या दिसत. मी आणि विजय लहान होतो तेव्हा त्या फटींना डोळे लावून बसायचो. आई ओरडायची की डोळे जातील. डोळे शाबूत राहिले. गेलं ते भलतंच.

दुकानात बाबांचं टेबल, एक स्टूल, आणि भिंतीला टेकून ठेवलेली आजारी मशीनं. ड्रिल, ग्राइंडर, हातरंधे, लाकूड कापायचे कटर. सातवीत गेले तेव्हापासून वेढे मोजायचं काम माझ्याकडे होतं. जळालेली तार उपसून काढायची, एका खाचेत किती वेढे होते ते मोजायचं, आणि नव्या तारेचे तेवढेच घालायचे. एक वेढा कमी नाही, एक जास्त नाही. मोजताना कुणी हाक मारली तर मी उत्तर देत नसे, त्यामुळे गावात मी शिष्ट म्हणून प्रसिद्ध होते. वेढे भरले की खाचेचं तोंड बंद करायला बाबा पोफळीच्या बारीक कामट्या तासून बसवत. बाजारात त्यासाठी तयार पट्ट्या मिळायच्या, पण "आपल्या वाडीची पोफळ खाऱ्या हवेला मुरलेली हाय, ती फुगत नाय," असं त्यांचं म्हणणं.

खारी हवा हेच आमचं खरं गिऱ्हाईक होतं. पुण्याकडे मशीन म्हातारं होऊन मरतं, आमच्याकडे ते खारून मरायचं. तांब्यावर हिरवा थर यायचा, कार्बन आपल्या घरट्यात फुगून अडकायचे, बेरिंग गंजायचं. पावसाळ्यात तर तार जळू नये म्हणून वर दिलेलं वार्निश वाळता वाळत नसे. त्यासाठी बाबांनी एक लाकडी पेटी केली होती, आत दोन बल्ब लावलेले. त्यांच्या उबेत आर्मेचर रात्रभर शेकायचं. एका श्रावणात आईने ती पेटी रिकामी बघून त्यात पोह्याचे पापड वाळत घातले. ते पापड तळले तेव्हा सगळ्या घराला वार्निशचा वास आला. बाबांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "आता मी बी जळणार नाय."

बाबांना गावात सगळे नाना म्हणत, आणि नानांचे कान आमच्या पट्ट्यात नावाजलेले होते. लाकडी मुठीचा एक डिसमिस त्यांच्याकडे होता. शहरात त्याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात. त्याचं लोखंडी टोक चालू मशीनच्या पाठीवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मग डोळे मिटून ऐकायचं. मागचं बेरिंग कोरडं आहे, गिअरचे दात झिजलेत, आर्मेचर कुठेतरी घासतंय, सगळं त्यांना असं आतून कळायचं. त्यातूनच एक रीत पडून गेली. रेवदंड्यापासून इकडे कुणीही नवं मशीन घेतलं, की खोकं उघडून ते आधी नानांच्या कानाला लावायचं आणि मगच त्याला लाकूड दाखवायचं. सोबत एक नारळ आणायचा. आई म्हणायची, "नारळाच्या वाड्यांत राहून नारळ कसले घेता?" पण ते घ्यावेच लागत. नारळ टेबलावर ठेवून सुतार हात बांधून उभा राहायचा आणि बाबांचा चेहरा वाचत बसायचा. शेवटी डोळे उघडून बाबा म्हणायचे, "ने. धा वर्सं बघाय नको." किंवा, "हे परत दे. मागचं बेरिंग रडतंय." नानांनी नको म्हटलेलं मशीन परत घ्यायला अलिबागचे दुकानदारही कुरकुर करत नसत.

त्या सगळ्या आवाजात मी वाढले. ग्राइंडरची किंकाळी, रंध्याचा घरघराट, त्यांच्या वरून ओरडून बोलणारी माणसं. संध्याकाळी बाबा मेन स्विच पाडायचे आणि एकदम समुद्र ऐकू यायचा. तो दिवसभर वाजतच असायचा, आम्हाला तेव्हा कळायचं. ती शांतता मला फार आवडे. आजही कुठे मिक्सर बंद झाला की मी क्षणभर समुद्राची वाट बघते आणि मग पनवेलमध्ये आहोत हे आठवतं.

बाबांचे कान गेले ते कधी, हे मला सांगता येणार नाही. मला ते कळलं पंपांमुळे. वाड्यांना शिंपण्याच्या पंपांच्या मोटरी दुरुस्तीला यायच्या, ते आमचं मोठं काम. मी अकरावीत असताना बाबा पंप परत पाठवायला लागले. "अलिबागला न्या, माझ्याकडे वखत नाय." वखत तर भरपूर होता. मग आणखी एक गोष्ट झाली. दुकानाच्या खिडकीला त्यांनी गोणपाटाचा पडदा लावला. लोकांना सांगितलं, डोळ्यांवर ऊन येतं. पण खिडकी उत्तरेला होती, तिथून ऊन कधी आलंच नाही. मशीन तपासायची वेळ आली की पडदा ओढायचे, दार लोटून घ्यायचे, डिसमिस कानाला लावायचे, आणि डोळे मात्र आता मिटत नव्हते. ते त्या फटींकडे टक लावून बघत असायचे.

एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या मला दोन आणि दोन चार असं उमगलं. पंपाच्या मोटरीत कार्बन नसतो. तिथे ठिणगी नसते. बाबा ऐकत नव्हते, बघत होते. ठिणगी बारीक, निळी आणि सारखी असेल तर मशीन ठीक, पिवळी लांब जीभ निघाली किंवा मानेभोवती आगीचं कडं फिरलं तर बिघाड. काळोखात ते सगळं छान दिसायचं. माझ्या बापाची हुशारी बघून मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण बेरिंगची ठिणगी पडत नाही. बेरिंग फक्त शिट्टी मारतं, बारीक, उंच सुरातली, आणि तेवढाच सूर बाबांच्या कानांतून गेला होता. माणसांचं बोलणं त्यांना जवळून कळत होतं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही, आईलाही नाही.

मी कुणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे मूठ उघडली तर दुकानच उघडं पडलं असतं. मी फक्त स्टूल त्यांच्या उजव्या बाजूला सरकवलं. मशीन चालू झालं की शिकाऊपणाचा आव आणून जवळ वाकून विचारायची, "बाबा, मागचं बेरिंग शिट्टी मारतंय ना?" ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "मग? मी कवाच ऐकलं." मी म्हणायची, "गिअर खरखरतोय का हो?" "व्हय. कवापासनं." कधी सगळं ठीक असलं तर मी गप्प बसायची, आणि ते थोडा वेळ वाट बघून म्हणायचे, "ने. धा वर्सं बघाय नको." बघणाऱ्यांना वाटे, नाना पोरीला शिकवतायत. एक म्हातारा सुतार मला म्हणालाही, "बाय, किती प्रश्न विचारतेस, बापाला ऐकू तरी दे."

बारावीच्या परीक्षेसाठी मी तीन आठवडे अलिबागला मावशीकडे राहिले. त्याच दिवसांत दाऊदचाचांचं ड्रिल दुकानात आलं. दाऊदचाचा रेवदंड्याच्या खाडीवर होड्या बांधायचे. त्यांचं मशीन दोन हातांनी धरायचं, सगळं लोखंडी, सागाच्या जाड फळ्यांतून आरपार जाणारं. बाबांनी कार्बन बदलले, पडदा ओढला, ठिणगी बघितली. ती सुरेख निळी होती. नव्या कार्बनची असतेच. त्यांनी मशीन देऊन टाकलं. चौथ्या दिवशी अर्ध्या बांधलेल्या होडीच्या पोटात दाऊदचाचा भोक पाडत असताना बेरिंग आवळलं आणि मशीन त्यांच्या हातातच उलटं फिरलं. मनगट मोडलं.

मी परत आले त्या दिवशी बाबा त्यांना बघायला निघाले होते, मीही गेले. दाऊदचाचा पडवीत बसले होते, हात गळ्यात. बाबा त्यांच्यासमोर टेकले. चाचाच आधी म्हणाले, "नाना, तुमच्या कामात खोट नाय. बिट गाठीत अडकला. माझाच हात चुकला." आणि घरात हाक मारून त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. ज्या माणसाला फळीवर नुसती बोटं फिरवून गाठ कळायची, तो ड्रिलचं बिट लाकडाच्या गाठीत अडकवणार? पण त्यांनी ते सगळ्या बंदरावर तसंच सांगितलं, शेवटपर्यंत.

मशीन आमच्याकडे परत आलं होतं. बाबांनी ते उघडलं तेव्हा मी शेजारी होते. बेरिंग जळून निळंकाळं पडलं होतं. ते तळहातावर घेऊन बाबांनी उलटसुलट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "परीक्षा कशी गेली?"

परीक्षा चांगली गेली होती. मुंबईच्या कॉलेजचा फॉर्मही भरून झाला होता. मी गेले नाही. घरात मी सांगितलं की मला मुंबई मानवत नाही, आणि घराने ते मानलं. बी.ए. बाहेरून केलं, आर्मेचरचे वेढे मोजता मोजता. बाबा तेव्हा एका शब्दाने म्हणाले असते, की पोरी, जा, तर मी गेले असते का? ठाऊक नाही. ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तर माझं स्टूल आधीच त्यांच्या उजव्या बाजूला ठेवलेलं होतं. मी त्याचा अर्थ काढायला गेले नाही. कदाचित झाडलोट करताना आईने सरकवलं असेल.

पुढची सहा वर्षं मी ती शिट्टी ऐकली. खरं सांगायचं तर ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं होती, आणि त्याच वर्षांत मी मनातल्या मनात धुमसतही असायची. लोक म्हणत, "नानांच्या कानांना तोड नाही." मी खाली मान घालून वेढे मोजायची. जत्रेत, लग्नात, एसटीत, कुठेही भेटले तरी लोक मला विचारत, "नाना काय म्हणतात?" नाना काय म्हणतात ते मी त्यांना आधी सांगितलेलं असायचं. आपण केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर गोड मानून घ्यायचं म्हटलं तरी माणूस आहे, जिभेवर येतंच. एकदा भांडणाचे शब्द अगदी तोंडापर्यंत आले होते. पण बाबा समोरच्या सुताराला डोळे मिटून सांगत होते, "मागचं बेरिंग रडतंय," आणि ते इतक्या खात्रीने, इतक्या मायेने सांगत होते, की मी पुन्हा वेढे मोजायला लागले.

मी लग्न होऊन पनवेलला गेले आणि दोन महिन्यांत दुकान बंद झालं. "आता पयल्यासारखं तांबं येत नाय," बाबा म्हणाले. सगळ्यांना ते पटलं.

मला मात्र एक गोष्ट कधी कळली नाही, आणि तीच इतकी वर्षं टोचत राहिली. त्यांना माहीत होतं का? मी कशासाठी विचारत होते, हे त्यांना कळत होतं, की "मी कवाच ऐकलं" म्हणताना त्यांना खरोखरच वाटे की आपण ऐकलं? विचारायचं म्हणजे आधी त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं की तुम्हाला ऐकू येत नाही. ते त्यांनी आजवर मान्य केलेलं नाही. विजयने मुंबईहून आणलेलं कानाचं यंत्र कपाटात पडून आहे. "मला काय झालंय? हल्ली लोकच पुटपुटतात," असं त्यांचं म्हणणं. ब्याऐंशीव्या वर्षी उजव्या कानाशी जोरात बोललं तर थोडं पोचतं, डाव्या कानाने कधीच राम म्हटलाय.

तर परवा, विजयच्या त्या गार मशीनवर रागावून झाल्यावर, मी तिथेच एका ओंडक्यावर बसले आणि न्यायाने विचार करून बघितला. जुन्या मशीनला हाताला झिणझिण्या आणायची खोड होती, पावसाळ्यात तर चक्क शॉक द्यायचं. ते जड होतं, तापायचं, कार्बनची काळी भुकटी नाकात जायची. नवं मशीन यातलं काही करत नाही. विजयची मुलं कारखान्यात खेळली तर त्यांचे कान शाबूत राहतील. बाबांच्या तरुणपणी ही मशीनं असती तर त्यांचेही राहिले असते. म्हणजे मी ज्याच्यासाठी हळहळत होते त्यानेच माझ्या बापाला बहिरं केलं होतं. तरीही मला वाटतं, जुनं मशीन मरायच्या आधी महिनाभर सांगायचं. आधी शिट्टी, मग खरखर, मग वास. त्याचं दुखणं ऐकायला कुणीतरी शेजारी बसावं लागायचं. नवं मशीन चालता चालता गप्प होतं, एक लाल दिवा लुकलुकतो आणि कंपनीचा माणूस आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलतो. विजयला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तुला मशीन नको आहे, पेशंट हवाय." बरोबर असेल त्याचं.

काल दुपारी दाऊदचाचा आले. पंचाहत्तरी उलटलीय, चालताना नातसुनेने दिलेली काठी लागते, मनगट अजून थोडं वाकडं आहे. बगलेत खोकं आणि हातात नारळ. मुलगा दुबईला असतो, त्याने नवं ड्रिल पाठवलंय, बॅटरीवरचं. होड्या आता ते बांधत नाहीत, डागडुजी करतात. रेवदंड्याहून रिक्षा करून एवढ्यासाठी आले होते.

"नाना, कानाला लावा," ते म्हणाले, "म्हणजे मी लाकडाला लावतो."

ही रीत अजून कुणाच्या लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं. बाबांना ते ऐकू गेलं की नारळ बघूनच समजलं, कोण जाणे. त्यांचा चेहरा असा उजळला की विजयने काम थांबवून त्यांना खुर्ची दिली. कारखान्यात दोन गिऱ्हाइकं होती, कॉटेजवाली, तीही बघायला उभी राहिली. बाबांनी हात पुढे केला आणि विजयने हातात डिसमिस दिला. मग बाबांनी खिडक्यांकडे बघून मान हलवली. विजयला कळेना. मला कळलं. मी उठून दोन्ही खिडक्या लावल्या, शटर अर्ध्यावर ओढलं. बाबांनी टोक मशीनला टेकवलं, मूठ कानामागे धरली. दाऊदचाचांनी बटण दाबलं. मशीनला सागाला भोक पाडायचं लांब बिट आधीच लावलेलं होतं.

बारीक झुंई असा आवाज सुरू झाला. बाबा मशीनच्या पाठीकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी मान तिरकी केली, आणखी जवळ वाकले, दुसऱ्या बाजूने बघितलं. काळोखात एकही ठिणगी नव्हती, आणि हाताला लागेल एवढी थरथरही नव्हती.

"बटण दाब की," ते दाऊदचाचांना म्हणाले.

"दाबलाय, नाना."

त्यांना ते पोचलं नाही. मशीन बंदच आहे असं समजून, बिट घट्ट बसलंय का ते बघायला त्यांनी बोट पुढे केलं. मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. बोट आणि फिरतं बिट यांत वीतभर अंतर राहिलं असेल. दाऊदचाचांनी बटण सोडलं. विजयने शटर वर ढकललं आणि उजेड आत आला.

बाबांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग मशीनकडे, मग त्या दोन गिऱ्हाइकांकडे. त्यांना समजलं होतं. मी घाईघाईने तोंड उघडलं, सांगायला की ही नवी मशीनं अशीच असतात बाबा, कुणालाच ऐकू येत नाहीत. त्यांनी मला हाताने गप्प केलं.

"दाऊद," ते म्हणाले, "मला ऐकाय येत नाय. लय वर्सं झाली. तुझा हात मोडला तवाबी येत नव्हतं."

"ठाऊक हाय, नाना," दाऊदचाचा म्हणाले.

बाबांना ते ऐकू आलं नसावं. ते पुढे बोलतच राहिले, बहिरी माणसं बोलतात तसे, गरजेपेक्षा मोठ्याने. "कान माझे नव्हते. ही बाय ऐकायची. मी नुसता बोलायचो. हिला मुंबईला धाडायची होती, नाय धाडली. दे, मशीन हिच्याकडं दे."

दाऊदचाचांनी ड्रिल माझ्या हातात ठेवलं. माझे डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, पण त्या कामाला डोळे लागत नाहीत. मी मशीन चालू करून कानाशी धरलं. पुढचं बेरिंग साफ होतं. गिअर मऊ चालत होता. मागच्या बाजूला अगदी बारीक, उंच, एक शिट्टी होती, नव्या बेरिंगची असते तेवढीच. चार दिवसांत ती जाईल. मी सगळं दोनदा ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

मी बटण सोडलं तेव्हा बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, हात बांधून.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांना सांगितलं.